सही कशाला करताय ते आधी विचारा: समान नागरी कायदा, आपलं मत आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याजवळच्या एका वाचनालयात महिन्यातून एका रविवारी आम्ही चार-पाच जण टेबल टाकून बसतो. आमच्यात वकील एकच, मी कोर्टातली रिटायर्ड स्टेनो, बाकीचे हौशी. वारसाचे कागद, हक्कसोड, लग्नाची नोंदणी, पोटगी, जे समजतं ते समजावून सांगतो, पैसे घेत नाही. २०२३ च्या पावसाळ्यापासून दर वेळी कोणी ना कोणी यूसीसीचा (म्हणजे समान नागरी कायद्याचा) विषय काढतंच आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून एकदाचं लिहून काढलं. नंबर टाकलेत, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकतं, तिथे "अमुक नंबर बघा" म्हटलंय.

१. समान नागरी कायदा म्हणजे नेमकं काय हो? सगळ्यांची लग्नं एकाच पद्धतीने लावायची का?

नाही. सप्तपदी करा, निकाह करा, चर्चमध्ये करा, आळंदीला जाऊन करा, विधी ज्याचे त्याचे. प्रश्न विधीनंतरचा आहे. लग्न कायदेशीर कधी धरायचं, घटस्फोट कुठल्या कारणांनी मिळेल, पोटगी किती, दत्तक कोण घेऊ शकतं आणि माणूस गेल्यावर त्याचं घर-जमीन कोणाकडे जाईल, एवढे विषय आज धर्माप्रमाणे वेगवेगळे आहेत. हिंदूंना (बौद्ध, जैन, शीख यातच धरलेत) १९५५-५६ चे चार कायदे, मुसलमानांना १९३७ चा शरियत कायदा, ख्रिश्चनांना १८६९ आणि १८७२ चे, पारशांना १९३६ चा. चेक बाउन्स, भाडेकरार, चोरी, हे सगळं आधीपासून सगळ्यांना सारखंच आहे, त्यामुळे "एका देशात दोन कायदे" वगैरे जे म्हणतात ते या घरगुती विषयांपुरतंच. राज्यघटनेत कलम ४४ आहे, सरकारने असा कायदा आणायचा प्रयत्न करावा असं त्यात म्हटलंय, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत येतं म्हणजे कोर्टात जाऊन "आणाच" असं भांडता येत नाही.

२. हे तर केंद्राचं काम ना? राज्य कसं काय कायदा करणार?

करू शकतं. लग्न, घटस्फोट, दत्तक, मृत्युपत्र, वारसा हे विषय समवर्ती सूचीत आहेत, नोंद ५. म्हणजे संसदही कायदा करू शकते आणि विधानसभाही. राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी भांडत असेल तर कलम २५४ खाली राष्ट्रपतींची संमती लागते, ती मिळाली की त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो.

आणि आपल्याकडे हे नवीन नाहीये, उलट आपणच यात पुढे होतो. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंमध्ये दुसरं लग्न करण्यावर बंदी आणली आणि १९४७ मध्ये हिंदूंना घटस्फोट दिला, दोन्ही १९५५ च्या केंद्राच्या हिंदू विवाह कायद्याच्या आधी! त्या १९४६ च्या कायद्याला आव्हान दिलं गेलं, की फक्त हिंदू पुरुषालाच का बंदी, मुसलमानाला का नाही. मुंबई हायकोर्टात न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी तो कायदा टिकवला, सुधारणा टप्प्याटप्प्याने करायला राज्याला मुभा आहे म्हणाले. नरसू अप्पा माळी खटला म्हणून आजही यूसीसीच्या प्रत्येक वादात तो निघतो. म्हणजे जो प्रश्न आज चॅनेलवर रोज रात्री ओरडून विचारतात तो सत्तर वर्षांपूर्वी फोर्टात शांतपणे विचारून झालाय.

महाराष्ट्राचं १९९४ चं उदाहरण तर घराघरातलं आहे, त्यासाठी ९ नंबर बघा.

३. महाराष्ट्रात लागू झालाय का?

नाही. हे लिहिताना तरी उत्तराखंडसारखा कायदा आपल्याकडे नाही. "ठाण्यात अमुक तारखेपासून लागू" असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका.

४. मग उत्तराखंडात नक्की काय केलं? आणि गोव्यात तर आधीपासूनच आहे ना?

उत्तराखंडाने मे २०२२ मध्ये न्या. रंजना प्रकाश देसाई यांची समिती नेमली. (या आधी मुंबई हायकोर्टात होत्या, मग सुप्रीम कोर्टात. २०२५ च्या फेब्रुवारीत गुजरातनेही त्यांनाच समितीवर घेतलं.) फेब्रुवारी २०२४ मध्ये विधानसभेत पास, मार्चमध्ये राष्ट्रपतींची संमती, २७ जानेवारी २०२५ पासून लागू. ३९२ कलमं आहेत. लग्न-घटस्फोट सगळ्यांना एकसारखं, लग्नाची नोंदणी सक्तीची, एकाच वेळी दोन लग्नं बंद, मुलगा-मुलगी वारसाहक्कात सारखे आणि लिव्ह-इनची नोंदणी (ते १२ नंबरमध्ये). अनुसूचित जमातींना पूर्ण वगळलंय. आणि गंमत म्हणजे दत्तक आणि पालकत्व त्यात घेतलेलंच नाही, ते जुन्याच कायद्यांवर चालू आहे. म्हणजे "समान" म्हटलं तरी सगळं समान झालेलं नाही.

गोव्याचं वेगळं आहे. तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालू राहिली. लग्न झालं की वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी, आणि मुलं असतील तर आईबापाला आपली सगळी मालमत्ता मृत्युपत्राने तिसऱ्याला देता येत नाही, निम्म्यावर मुलांचा हक्क राहतो. आमच्या टेबलावर हे ऐकलं की बायकांचे डोळे चमकतात आणि पुरुष विषय बदलतात! पण तिथेही जुन्या पोर्तुगीज हुकमात हिंदू पुरुषाला बायकोला ठराविक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर दुसरं लग्न करायची सवलत कागदावर आहे. कोणी वापरत नाही, पण आहे. तेव्हा "गोव्यासारखं करा" म्हणताना गोव्यातलं काय हवंय ते सांगा.

५. आमचं मत कोणी विचारलं कधी? मला तर कोणी विचारलं नाही.

विचारलं होतं. २१ व्या विधी आयोगाने (कायद्यांत काय बदल करावेत याचा केंद्राला सल्ला देणारी समिती) लोकांकडून मतं मागवली आणि ३१ ऑगस्ट २०१८ ला एक सल्लामसलत पत्र काढलं, त्यात म्हटलं की या घडीला समान नागरी कायदा गरजेचा नाही आणि इष्टही नाही, त्यापेक्षा प्रत्येक धर्माच्या कायद्यातला बायकांवरचा अन्याय काढा. मग २२ वा आयोग आला, त्याने १४ जून २०२३ ला पुन्हा नोटीस काढली, ३० दिवस दिले, पुढे २८ जुलैपर्यंत वाढवले. ७५ लाखांहून जास्त प्रतिसाद आले. वेबसाइटवर आणि ईमेलने, त्यामुळे ज्यांच्या घरात कोणी फोनवर फॉर्म भरून देणारं होतं त्यांनीच भरले. उत्तराखंडाच्या समितीकडेही दोन लाखांच्या वर सूचना आल्या होत्या.

६. ७५ लाख लोकांनी सांगितलं म्हणजे बहुमत झालंच की!

नाही झालं. हे मतदान नव्हतं. यादी नाही, बोटाला शाई नाही, एकाने किती वेळा लिहावं याला बंधन नाही. दोन्ही बाजूंनी तयार मजकूर फिरत होते, एक मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि त्याच दुपारी त्याच्या बरोब्बर उलट दुसरा मुंब्र्याच्या एका मैत्रिणीकडून आला, दोन्हीत खाली "कॉपी करा, पेस्ट करा, पाठवा". दोघींनीही आतला मजकूर धड वाचला नव्हता, हे आम्ही नंतर चहा पिताना कबूल केलं. अशा लाखभर पत्रांमधून एवढंच कळतं की कोणाची यंत्रणा जोरात होती.

शिवाय आयोगाने नोटिशीबरोबर मसुदा दिलाच नव्हता. कलमं नाहीत, पर्याय नाहीत, नुसता विषय. मसुदा नसताना "पाठिंबा आहे का" विचारणं म्हणजे मेन्यूकार्ड न देता "जेवण आवडलं का" विचारणं.

७. एक नंबर आलाय, मिस्ड कॉल दिला की पाठिंबा नोंदवला जातो म्हणे. देऊ का?

देऊ नका. २०२३ च्या जुलैमध्ये विधी आयोगालाच खुलासा करावा लागला होता, की असे फोन नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज फिरतायत त्यांच्याशी आमचा काही संबंध नाही. मत मागवायचं असेल तर सरकारी नोटीस निघते, तिच्यात पत्ता असतो. आणि कोणी आधार नंबर मागत असेल तर फोन ठेवा, एवढं तर आता माझ्या सासूबाईंनाही कळतं.

८. पुढे राज्याने मत मागवलं तर आम्ही लिहायचं तरी काय?

हाच खरा प्रश्न, बाकी सगळं याच्यासाठी लिहिलंय.

आपल्याकडे शहराचा विकास आराखडा आला की "हरकती व सूचना" मागवतात ना, त्याची आठवण करा. ज्याने लिहिलं "विकासाला आमचा विरोध आहे" किंवा "आराखडा छान आहे, अभिनंदन", त्याच्या कागदाचं काहीच झालं नाही. ज्याने लिहिलं की अमुक सर्व्हे नंबरवर टाकलेलं आरक्षण चुकीचं आहे, तिथे चाळीस वर्षांची चाळ आहे, हा नकाशा, हा सात-बारा, त्याला निदान सुनावणीला बोलावलं. यूसीसीचं तसंच करा. "हवा" किंवा "नको" यावर वही संपवू नका. तुमच्या घरात काय अडलं ते लिहा, आज कुठला कायदा लागतोय ते लिहा, तो कसा बदलावा ते लिहा. एका पानात बसतं.

उदाहरण सांगते. आमच्याकडे कोपरीची एक बाई आली, पहिलं वाक्य "यूसीसी आलाच पाहिजे". का, म्हणून विचारलं तर अर्धा तास ती स्वतःच्या दिवंगत बहिणीच्या फ्लॅटबद्दल बोलली, जो सासरच्यांकडे गेला (१० नंबर). तिला जे हवं होतं ते हिंदू वारसा कायद्यातलं एक कलम बदलून मिळालं असतं, त्याला यूसीसीची वाट बघायची गरजच नव्हती. तिच्यानंतर आलेले कळव्याचे काका "यूसीसी अजिबात नको" म्हणत होते, कारण त्यांना वाटत होतं आरक्षण जाईल. आरक्षणाचा याच्याशी संबंध नाही, ते घटनेच्या वेगळ्या कलमांतून येतं. दोघांचीही मतं मनापासूनची, आणि दोघांचीही भलत्याच गोष्टीबद्दल. सर्व्हेवाल्याने विचारलं असतं तर एक "होय" आणि एक "नाही" पडलं असतं, बस्स.

९. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटला लग्न झालेल्या बहिणींच्या सह्या का लागतात? यूसीसी आला तर हे बदलेल का?

घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली, उलव्याकडून येणारा हा एक नंबरचा प्रश्न आहे. सिडकोने (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) जमिनी घेतल्या त्याच्या बदल्यात प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन द्यायचं ठरलं, जमीन आजोबांच्या नावावर, आजोबा गेले, वडील गेले, आणि प्लॉट हातात यायच्या वेळी भाऊ म्हणतो बहिणींना हुंडा-मान सगळं दिलं, आता सही करून मोकळं करा.

सही लागते कारण हक्क आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हिंदू वारसा कायद्यात स्वतःची दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून वाटा दिला, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. पण त्यात एक खाच होती, त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. म्हणजे एकाच घरात १९९२ ला लग्न झालेली थोरली बाहेर आणि १९९५ ला झालेली धाकटी आत! मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली, त्यात लग्न झालं की नाही हा भेदच ठेवला नाही, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की २००५ ला वडील जिवंत असायलाच हवेत असंही नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर्ड किंवा कोर्टातून झालेली वाटणी मात्र उकरून काढता येत नाही.

म्हणजे हिंदू घरात हा बदल आधीच झालाय, यूसीसीची वाट बघायला नको. अडतंय ते कायद्यात नाही, भाऊबीजेच्या ताटात अडतंय. बहीण हक्कसोडपत्र करून देते कारण माहेर तुटायची भीती असते. ते पत्र रजिस्टर झालं की ते परत फिरवणं फार अवघड, कोऱ्या कागदावर तर सही मुळीच नको. हे सांगितलं म्हणून एका भावाने मला "तुम्ही घरं फोडता" असं सुनावलंय, तेही इथेच लिहून ठेवते.

१०. मी विधवा, मूल नाही, फ्लॅट माझ्या पगारातून घेतलाय. मी गेल्यावर तो माझ्या आईला जाईल ना?

मृत्युपत्र केलं नसेल तर नाही. हिंदू बाईसाठी हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ आहे. पहिल्यांदा नवरा आणि मुलं, ती नसतील तर नवऱ्याचे वारस, म्हणजे सासू, दीर, पुतणे, आणि त्यांच्यानंतर कुठे आईवडिलांचा नंबर. आईवडिलांकडून वारशाने मिळालेलं असेल तर ते (मूल नसताना) वडिलांच्या वारसांकडे परत जातं, पण स्वतः कमावलेलं सासरच्या रांगेत जातं. २००९ च्या ओमप्रकाश खटल्यात तर बाईला लग्नानंतर लगेचच विधवा झाल्यावर सासरने हाकललं होतं, माहेराने शिकवलं, तिने नोकरी केली, आणि तिची कमाई तरी सासरकडेच गेली, कारण कायदा तसा लिहिलाय असं कोर्टाने म्हटलं. पुरुषाचं असं नाही, पुरुष गेला की त्याची मालमत्ता बायकोच्या माहेरी जात नाही.

तेव्हा उद्याच मृत्युपत्र करा, साध्या कागदावर, दोन साक्षीदार, एवढं पुरतं. आणि मत मागवलं तर हे कलम नंबर घालून लिहा. उत्तराखंडात पुरुष आणि बाई दोघांना एकच वारसाची रांग केलीय आणि आई-वडील दोघेही पहिल्या रांगेत आहेत, आपल्याकडे हिंदू पुरुषाच्या बाबतीत आई पहिल्या रांगेत आणि वडील दुसऱ्या. मला विचाराल तर त्या पूर्ण कायद्यातला उचलावा असा भाग कुठला, तर हा.

११. मुलामुलींना सारखा वाटा केला की मुसलमान बायकांचं भलंच होईल, मग त्या विरोध का करतात?

सगळ्या करत नाहीत. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला होता, तोंडी तलाकबंदी आणि सवतबंदीच्या मागण्या घेऊन, तेव्हा कुठल्याच राजकीय पार्टीला हा विषय फायद्याचा वाटत नव्हता. २०१७ मध्ये तिहेरी तलाक रद्द झाला तो शायरा बानो या बाईच्याच याचिकेवर. १० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा स्पष्ट केलं की घटस्फोटित मुस्लिम बाई साध्या फौजदारी कायद्याखालीही पोटगी मागू शकते, जे १९८५ ला शहाबानोच्या वेळी म्हटलं होतं.

आता खाच कुठे आहे ते बघा. शरियतमध्ये मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, हा अन्याय उघड आहे. पण त्याच कायद्यात माणसाला मृत्युपत्राने एक तृतीयांशच देता येतं, बाकी दोन तृतीयांश वारसांना मिळतंच, मुलीला पूर्ण डावलता येत नाही. हिंदू माणूस मात्र स्वतः कमावलेलं सगळं एका मुलाच्या नावे लिहून मुलीला शून्य देऊ शकतो आणि उत्तराखंडाच्या कायद्यातही ही मोकळीक सगळ्यांना दिलीय. मग वाटा कागदावर सारखा आणि मृत्युपत्रात शून्य. मुंब्र्याची माझी मैत्रीण (६ नंबरमधलीच) हे फार सोप्या शब्दांत म्हणाली, "बराबर हिस्सा मला हवाय, पण अब्बांच्या हातात पेन पण दिलंत तर मला काय मिळणार?" हा मुद्दा "हवा-नको"च्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

सवतीचं म्हणाल तर आकडे बघून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) नवऱ्याला दुसरी बायको आहे असं सांगणाऱ्या बायका एकूण १.४ टक्के, मुसलमानांत १.९, हिंदूंत १.३. हिंदूंना १९५५ पासून बंदी असून. बंदी हवीच, पण कायदा झाला की सवत घरातून जाते असं नाही.

१२. आम्ही दोघं नेरूळला भाड्याने एकत्र राहतो, लग्न नाही केलं. आम्हाला पण नोंदणी करावी लागेल का? घरमालक विचारतोय.

महाराष्ट्रात नाही. उत्तराखंडात लागते: एकत्र राहायला लागलात की रजिस्ट्रारकडे निवेदन, संपलं तरी निवेदन, दोघांपैकी कोणी २१ च्या आतला असेल तर आईवडिलांना कळवतात, माहिती पोलीस ठाण्यातही जाते. महिन्याभरात नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या बाजूला, सोडून दिलेल्या बाईला पोटगी मागता येते आणि मूल औरस धरलं जातं.

आपल्याकडे आजही लिव्ह-इन बेकायदा नाही. लग्नासारखं नातं असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण बाईला आहेच. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची ती वेगळी गोष्ट, तिचा लग्नाशी संबंध नाही. आणि "ओन्ली फॅमिली" हा सोसायट्यांचा स्वतःचा शोध आहे.

टेबलावर या विषयावर पिढीप्रमाणे सरळ दोन तट पडतात. पन्नाशीच्या पुढचे म्हणतात नोंदणी हवी, मुलींची फसवणूक थांबेल. पंचविशीतले म्हणतात आमच्या बेडरूमची नोंद पोलिसात कशाला. मला दोघांचंही अर्धं पटतं. संरक्षण द्या पण न नोंदवल्याबद्दल तुरुंग नको, असं मी माझ्या पत्रात लिहीन.

१३. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होतं. ते बंद होणार का?

आज हिंदू विवाह कायद्यात ते निषिद्ध नात्यात येतं, पण रूढी असेल तर चालतं, म्हणून आपल्याकडे ती लग्नं वैध आहेत. उत्तराखंडाने दोन याद्या दिल्यात, पुरुषासाठी ३७ नाती आणि बाईसाठी ३७. रूढीची सवलत ठेवलीय, पण ती रूढी सार्वजनिक धोरण आणि नीतिमत्तेविरुद्ध नसावी अशी अट घालून. हे ठरवणार कोण, तर शेवटी कोर्ट. डोंगरातल्या राज्याची यादी जशीच्या तशी महाराष्ट्रात आणली तर बऱ्याच घरांत मामा आणि भाचा एकमेकांकडे बघत बसतील, तेव्हा ज्यांच्यात ही चाल आहे त्यांनी हरकत लिहायलाच हवी. हे टीव्हीवर कोणी बोलत नाही, कारण सगळ्यांना वाटतं कायदा फक्त दुसऱ्या धर्मासाठी बदलतोय.

१४. येऊरच्या पाड्यावरच्या लोकांना लागू होईल का? आणि आम्ही कोळी, आम्हाला सूट आहे ना?

अनुसूचित जमातींना आजही हिंदू विवाह आणि हिंदू वारसा कायदे लागू नाहीत, केंद्राने वेगळी अधिसूचना काढली तरच. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांची लग्नं आणि वाटण्या त्यांच्या चालीरीतीने चालतात. उत्तराखंडानेही जमाती वगळल्या. पण वगळलं म्हणजे तिथल्या बाईचं सगळं बरं चाललंय असं नाही. १७ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात आदिवासी बाईच्या वारसांना आजोबांच्या जमिनीत सारखा वाटा दिला, चालीरीत मनाई करते असं सिद्ध झालं नाही तर समानता धरायची, असं म्हणून.

कोळ्यांचं मात्र नीट वाचा. महादेव कोळी अनुसूचित जमातीत आहेत, आपल्या खाडीकाठचे सोनकोळी नाहीत, आगरीही नाहीत. त्यांना आज हिंदू कायदाच लागतो, म्हणजे ९ आणि १० नंबरचं सगळं.

१५. बाबासाहेबांना समान कायदा हवाच होता, मग वाद कसला?

दोन्ही बाजू त्यांचं अर्धंच भाषण वाचतात. २३ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी समान नागरी कायद्याच्या कलमाची (१ नंबर) बाजू घेतली, मुस्लिम सदस्यांच्या दुरुस्त्या नाकारल्या. त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितलं की पुढची संसद सुरुवातीला हा कायदा फक्त स्वतःहून तयारी दाखवणाऱ्यांनाच लागू करू शकेल. १९५१ ला मंत्रिपद सोडलं त्यात हिंदू कोड बिल (हिंदूंचे लग्न-वारशाचे कायदे सुधारणारं विधेयक) अडवलं गेल्याचं मोठं कारण होतं, आणि ते अडवणारे कोण होते तेही वाचा.

१६. मग तसा ऐच्छिक कायदा का नाही करत?

आहे की! १९५४ चा विशेष विवाह कायदा. कुठल्याही धर्माच्या दोघांना, एकाच धर्माच्या दोघांनाही. ज्याला आपण "कोर्ट मॅरेज" म्हणतो ते खरं तर रजिस्ट्रारकडे होतं. अडचण ३० दिवसांच्या नोटिशीची, ती भिंतीवर लागते आणि घरच्यांना कळतं, ज्यांच्यासाठी कायदा आहे त्यांनाच त्यामुळे पळावं लागतं. यातलं वारशाचं गणित: दोघंही हिंदू असतील तर हिंदू वारसा कायदाच लागतो, आंतरधर्मीय असेल तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा. आंतरधर्मीय लग्न केलेल्या हिंदू मुलाचं एकत्र कुटुंबातलं नातं तिथे तुटल्यासारखं होतं, हे लग्नाआधी बहुतेकांना माहीत नसतं.

१७. आमचं एचयूएफ (एकत्र हिंदू कुटुंब) आहे, इन्कम टॅक्सला फायदा होतो. बंद होईल का?

मसुदा आल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. केरळने १९७५ मध्येच एकत्र हिंदू कुटुंब पद्धत कायद्याने रद्द केली, म्हणजे राज्याला ते करता येतं. बाकी सीएला विचारा.

१८. मी मूळचा गढवालचा, वीस वर्षं ऐरोलीत. उत्तराखंडाचा कायदा मला लागू आहे का?

लागू असू शकतो, आणि हा प्रश्न वाशीकडून बराच येतो. तो कायदा उत्तराखंडाच्या बाहेर राहणाऱ्या तिथल्या रहिवाशांनाही लागू आहे असं त्यातच लिहिलंय. रहिवासीची व्याख्याही लांबरुंद आहे: कायमचा रहिवासी, तिथला सरकारी कर्मचारी, वर्षभर तिथे राहिलेला, तिथल्या योजनांचा लाभ घेणारा. गावचं रहिवासी प्रमाणपत्र अजून जपून ठेवलं असेल तर तिथल्या वकिलाला विचारून घ्या. उलटंही खरंय, ठाण्याचा मुलगा देहरादूनला नोकरीला जाऊन वर्ष काढतो तेव्हा तोही त्या व्याख्येत येतो, त्याने १२ नंबर परत वाचावा.

१९. आम्ही बेने इस्रायल, ठाण्यातच पिढ्यान्पिढ्या. आमचं कुठे काही लिहिलेलंच दिसत नाही.

कारण ज्यू लोकांचा लग्न-घटस्फोटाचा वेगळा लिखित कायदा भारतात झालाच नाही, रूढी आणि धर्मग्रंथांवर चाललंय, वारसा १९२५ च्या कायद्याने. टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग १८७९ चं आहे, म्हणजे इथे चर्चेतल्या बहुतेक कायद्यांपेक्षा जुनं, आणि तरी सर्व्हेच्या फॉर्मवर तुमच्यासाठी "इतर" एवढाच रकाना. गेल्या वेळी एक आजोबा आले होते, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांनी विचारलं की "हवा" लिहू का "नको" लिहू. मी म्हटलं तुमच्याकडे घटस्फोट कसा होतो ते लिहा, बाकी कोणालाच माहीत नाही. पुढच्या रविवारी ते हाताने लिहिलेली चार पानं घेऊन आले, ती सध्या आमच्या फाइलमध्ये आहेत, मसुदा येईल तेव्हा पाठवायची म्हणून.